ग्रासहॉपर: सिलॅबल किती, स्ट्रेस कुठे आणि शब्द तोडायचा कुठे?

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी, शंका बारकीच आहे पण घरात त्यावरून तीन पक्ष पडलेत म्हणून इथे टाकतेय. मुलगी तिसरीत आहे, तिला इंग्रजीची वर्कशीट आलीय, सगळे किडे. प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने: सिलॅबल किती, स्ट्रेस कुठल्या सिलॅबलवर, आणि शब्दाचे भाग कुठले. मुंगी न मधमाशी पटापट झाल्या, घोडं अडलंय ग्रासहॉपरपाशी. ती म्हणते तीन सिलॅबल, कारण वर्गात टाळ्या वाजवून घेतलं होतं. तिचे बाबा म्हणतात दोन, ग्रास आणि हॉपर, दोनच तर शब्द आहेत. आणि माझ्या सासऱ्यांनी बोटं मोजून पाच सांगितले, ग्रा, स, हॉ, प, र, आणि वर ऐकवलं की आमच्या वेळी असलं काही नव्हतं तरी आम्ही इंग्रजीत अर्ज लिहायचो.

तर तीन बरोबर असेल तर मग भाग पण तेच तीन का? दोन रकान्यांत एकच उत्तर कशाला लिहायला लावतील? आणि स्ट्रेसचं, मोबाइलवर उच्चार ऐकला तर ती बाई ग्रासवर जोर देते असं वाटतं, पण आपण सगळे तर हॉपरवर देतो ना? अजून एक, पोरगी तो शब्द ग्राशॉपर वाचते, शॉपिंगवालं शॉपर. कितीदा सांगितलं तरी तेच.

तिरपी_रेघ

ताई, मुलगी बरोबर आहे, तीनच. ग्रास, हॉ, पर. तुमच्या मिस्टरांचंही अगदीच काही चुकलं नाहीये, ते तिसऱ्या रकान्याचं उत्तर पहिल्या रकान्यात टाकतायत, आणि तेही अर्धं.

सिलॅबल हा कानाचा हिशोब आहे, एक स्वर न त्याच्या आगेमागे चिकटलेली व्यंजनं, झाला एक सिलॅबल, त्याचा अर्थाशी काही संबंध नाही. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हणायला सांगा, जितक्यांदा हनुवटी खाली येईल तितके सिलॅबल. अगदी पक्की रीत नाहीये ही (शेवटच्या परला हनुवटी फार हलत नाही) पण तिसरीला पुरते.

शब्दाचे भाग हा अर्थाचा हिशोब. ग्रास म्हणजे गवत, हॉप म्हणजे टुणकन मारलेली उडी, आणि शेवटचं ई-आर म्हणजे ते करणारा, सिंगर, ड्रायव्हर, टीचर मधलं. म्हणजे भागही तीनच भरले. पण संख्या जुळली म्हणून तुकडे तेच आहेत असं नाही, आणि ह्या शब्दाची खरी गंमत तीच आहे. बोलताना आपण हॉ-पर म्हणतो, प पुढच्या तुकड्यात जातो. अर्थाने तोडलं तर हॉप आणि अर, प मागेच राहतो. टीचरचं पण तसंच, तोंडाने टी-चर, अर्थाने टीच आणि अर. म्हणून रकाने दोन. वर्कशीट ज्यांनी काढली त्यांनी हा विचार केला असेल की नाही माहीत नाही, पण शब्द झकास निवडलाय.

स्पेलिंगमध्ये पी दोनदा आहे म्हणून फसू नका, ऐकायला एकच प येतो. दुसरा पी आधीच्या ओचा उच्चार आखूड ठेवायला घातलेला असतो, एकच पी असता तर ते होपर वाचलं गेलं असतं, आशेवालं होप. हॉपिंग न होपिंग मध्ये जो फरक आहे तोच.

आता ग्राशॉपर. एस न एच शेजारी आले की मुलं श वाचणारच, शाळेत तेच शिकवलंय त्यांना. इथे एस एका शब्दाचा शेवट आहे आणि एच दुसऱ्याची सुरुवात, मध्ये भिंत आहे, ती कागदावर दिसत नाही. पेन्सिलने तिथे उभी रेघ मारायला सांगा न मग वाचायला लावा. पॉटहोल मध्ये टी-एच आहे पण थ नाही, लूपहोल मध्ये पी-एच आहे पण फ नाही. शेपर्ड घ्या, शीप अधिक हर्ड, मेंढ्या राखणारा, त्यात तर ह पार उडून गेलाय. सिलॅबल मोजून हे कधी कळणार नाही, भाग ओळखले तरच कळतं.

मास्तर_निवृत्त

आजोबांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितोय. ते अक्षरं मोजतायत, आणि मराठी माणूस म्हणून बरोबर मोजतायत. आपल्याला लहानपणापासून अक्षर मोजायची सवय, कवितेत तर तसंच मोजायचं असतं, वृत्तात कमळ म्हणजे क, म, ळ, तीन लघू अक्षरं. पण भाजीवालीशी बोलताना कुणी क-म-ळ म्हणत नाही, क-मळ म्हणतो, तोंडातून दोनच तुकडे निघतात. करवत लिहायला चार अक्षरं, बोलायला कर-वत, दोन. शेवटचा अ, आणि करवतसारख्या शब्दात मधला पण, आपण लिहितो, बोलताना गिळतो. ग्रासहॉपर देवनागरीत लिहून बोटं मोजली की पाच येणारच, त्यात स चा, प चा न र चा अ धरला जातो, त्यातला फक्त प चा अ खरोखर बोलला जातो. म्हणून पाचातून दोन वजा, तीन. मराठी शाळेतून पाचवीत इंग्रजीकडे गेलेली पुष्कळ पोरं इथेच अडखळलेली मी पाहिलीत. त्यांना म्हणायचो की डोळे मिटून मोजा.

आणि असला समास आपल्याला परका नाही हो. गवतात उड्या मारणारा, असा विग्रह करा, तत्पुरुष आहे सरळ. आपला लाकूडतोड्या कसा, आधी नाम आणि मग क्रियापदावरून तयार केलेला करणारा. ह्याच किड्याला आपण नाकतोडा म्हणतो, बांधणी तीच. नाक कुणाचं तोडलंय त्याने देव जाणे.

पिंपळपान

तिरपी_रेघ, हॉ-पर कशावरून? माझ्याकडे मेरियम-वेबस्टर आहे, त्यात शब्दाच्या मध्ये ठिपके दिलेत, ग्रास, ठिपका, हॉप, ठिपका, पर. दोन पी मध्ये ठिपका. म्हणजे हॉप-पर झालं. डिक्शनरीत आहे ते खोटं का?

तिरपी_रेघ

खोटं नाही पण ते ठिपके सिलॅबलचे नाहीतच, ओळ संपत आली न शब्द मावत नसेल तर हायफन घालून कुठे तोडायचा ते सांगायला आहेत. छापखान्याची सोय. त्याच डिक्शनरीत अलोन शब्द काढून बघा, बोलायला स्पष्ट दोन सिलॅबल, अ न लोन, पण मुख्य शब्दात ठिपका नाही, कारण एकटं ए अक्षर ओळीच्या शेवटी लटकत ठेवणं वाईट दिसतं. खरे सिलॅबल बघायचे तर पुढे उच्चार दिलेला असतो तिथे बघा. आणि ओळ तोडायची रीतसुद्धा दोन्हीकडे एक नाही, अमेरिकेत उच्चाराकडे बघून तोडतात न इंग्लंडमध्ये जुनी पद्धत शब्दाच्या घडणीकडे बघून तोडायची. नॉलेज हा शब्द अमेरिकन लोक एल नंतर तोडतात, जुने ब्रिटिश लोक त्याच्या आधी, नो चं स्पेलिंग अख्खं ठेवून.

हां, प नक्की कुठल्या बाजूचा ह्यावर मात्र जाणकारांचं पण एकमत नाही. बरेच जण म्हणतात की व्यंजनाला जमेल तितकं पुढच्या सिलॅबलमध्ये ढकलायचं, म्हणजे हॉ-पर. जॉन वेल्स म्हणून ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ आहेत, त्यांची उच्चारांची डिक्शनरी १९९० मध्ये आली, ते उलटं करतात, व्यंजन जोर असलेल्या सिलॅबलला चिकटवतात, म्हणजे हॉप-अर. त्यामुळे तुमचं हॉप तुम्हाला मिळू शकतं, फक्त दोन प मिळणार नाहीत. सिलॅबल मोजायला ह्याने काही फरक पडत नाही, कसंही कापा, तीनच. ग्रास न हॉ मधली भिंत मात्र सगळेच पाळतात, तिथे कुणी स पुढे ढकलत नाही.

चिंगीची_आई

बापरे, केवढं निघालं. बरं दोन रकाने भरले. सासऱ्यांना मास्तरांचं वाचून दाखवलं, खूश आहेत, पाच म्हणणं बरोबर होतं एवढंच त्यांनी त्यातून घेतलंय. आता स्ट्रेसचं सांगा कुणीतरी. हॉपर मोठा भाग आहे, त्यात दोन सिलॅबल आहेत, मग जोर त्याच्यावर नको का?

कॅम्पातला_पोर

मी कॉल सेंटरवाल्यांना उच्चाराचं ट्रेनिंग देतो, हा विषय रोजचाच. मोठा भाग न लहान भाग असं काही नसतं. इंग्रजीत दोन नामं जोडून एक नाव झालं की साधारणपणे जोर पहिल्या भागावर जातो. जोराच्या तुकड्याआधी मी ' अशी खूण करतोय, डिक्शनरीत पण तशीच बारीक उभी रेघ असते, वर असली तर मुख्य जोर, खाली असली तर दुय्यम. तर 'ग्रासहॉपर. मग हॉ वर दुय्यम जोर, आणि पर ला काहीच नाही, तो अगदी पुसट, ब्रिटिश माणूस तर र सुद्धा म्हणत नाही. तीन सिलॅबलना तीन वेगळ्या पायऱ्या. आपण काय करतो, तिन्ही सारख्याच ठोकून म्हणतो, मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही त्यामुळे कानाला सवयच नाही. वर्कशीटवर पहिला सिलॅबल लिहा, संपलं.

पण हे उगाच नाहीये, जोर हलवला तर इंग्रजीत अर्थ हलतो. 'ग्रीनहाऊस म्हणजे रोपांचं काचघर, रंग कुठलाही असो, आणि ग्रीन 'हाऊस म्हणजे हिरवा रंग दिलेलं घर. 'इंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकवणारे, ते आटपाडीचे असले तरी चालतंय, पण इंग्लिश 'टीचर म्हणजे इंग्लंडहून आलेले, मग शिकवेनात का गणित. पोरं ह्याच उदाहरणाला हसतात न मग विसरत नाहीत.

आता कुणीतरी अपवाद काढायच्या आधी मीच सांगतो, अपवाद भरपूर आहेत. एखाद्या गोष्टीपासून बनवलेली वस्तू असली की जोर बऱ्याचदा दुसऱ्यावर जातो, ॲपल 'पाय, कॉटन 'शर्ट. पण 'ऑरेंज ज्यूस न 'ख्रिसमस केक पहिल्यावर, का तर ज्यूस न केक हे शब्द तसे आहेत बाबा, पाठ करा. ख्रिसमस 'पुडिंग परत दुसऱ्यावर. सगळ्यात भारी नियम रस्त्यांचा. नावात स्ट्रीट असेल तर जोर आधीच्या शब्दावर, 'ऑक्सफर्ड स्ट्रीट. रोड, ॲव्हेन्यू, ड्राइव्ह, लेन काहीही असेल तर जोर शेवटी, पार्क 'ॲव्हेन्यू, मरीन 'ड्राइव्ह. पुण्यात कॅम्पात आमचा एमजी रोड आहे त्याला जुने लोक अजून मेन स्ट्रीट म्हणतात, तर इंग्रजी पद्धतीने म्हणायचं तर 'मेन स्ट्रीट पण एमजी 'रोड. रस्ता तोच, वडापाव तोच, जोर इकडचा तिकडे. कॅम्पातले जुने पारशी आणि गोवन काका-काकी हे बरोबर म्हणायचे, नियम माहीत नसताना.

पाखरू_वेडा

ब्लॅकबर्ड राहिला की! ह्या विषयावर कुणीही बोललं की तो येतोच, आणि यायलाच पाहिजे. 'ब्लॅकबर्ड ही युरोपातल्या एका पक्ष्याची जात आहे, आपल्या सह्याद्रीत पण तिचा भाऊबंद आहे. युरोपातली मादी काळी नसतेच, तपकिरी असते, म्हणजे ती 'ब्लॅकबर्ड आहे पण ब्लॅक 'बर्ड नाही. आणि कावळा ब्लॅक 'बर्ड आहे पण 'ब्लॅकबर्ड नाही. एका जोरावर अख्खी जात ठरते.

आणि तुमच्या ग्रासहॉपरचा पण एक पक्षी आहे बरं का, ग्रासहॉपर वॉर्बलर. नाकतोड्यासारखी किर्रर्र लावून धरतो म्हणून ते नाव. हिवाळ्यात आपल्या देशात पण येतो, गवतात इतका दडून असतो की दिसायची मारामार. त्यात जोर परत पहिल्या ग्रासवरच, पूर्ण ग्रासहॉपर हा आता पहिला भाग झाला न वॉर्बलर दुसरा, म्हणजे समासाचा समास.

शिळोप्याचा_गडी

मला एवढंच कळलं की इंग्रज लोकांना स्वतःचीच भाषा धड बोलता येत नाही. कप न बोर्ड लिहितात आणि कबर्ड म्हणतात.

कॅम्पातला_पोर

@शिळोप्याचा_गडी चेष्टेत लिहिलंय पण नेमकं जागेवर बोट ठेवलंय तुम्ही. ते ह्या जोरामुळेच होतं. पहिल्या भागावर सतत जोर पडत राहिला की दुसरा भाग पिढ्यानपिढ्या झिजत जातो. कपबोर्ड म्हणजे आधी कप मांडायची फळी होती, आता 'कबर्ड, प गेला, बोर्डचं बर्ड झालं, न कप सोडून सगळं ठेवतात त्यात. ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणं, पण ब्रेक कुणी म्हणत नाही, 'ब्रेकफस्ट, त्यातला ए सुद्धा आखूड. पोस्टमनमधला मॅन घासून मन झालाय पण स्नोमॅनमधला अजून शाबूत आहे, शब्द तितका रुळलेला नाही ना. आणि सगळ्यात झिजलेला शब्द म्हणजे लॉर्ड. जुन्या इंग्रजीत तो दोन शब्दांचा समास होता, ह्लाफ म्हणजे पाव, आजचा लोफ, आणि वेअर्ड म्हणजे राखणारा. पाव राखणारा तो मालक. आता एकच सिलॅबल उरलाय न त्यात दोन शब्द होते हे कुणाला दिसत पण नाही.

ग्रासहॉपर मात्र अजून तितका घासला गेलेला नाही. हॉप मधला स्वर पूर्ण ऐकू येतो, म्हणून तिथे दुय्यम जोर मानतात. खरं तर तो उलट वाढलाय. जुन्या इंग्रजीत गॅर्सहॉप्पा असा काहीसा शब्द होता, त्या शेवटच्या आ मध्येच उड्या मारणारा हा अर्थ होता. पुढे तो आ विरघळला, लोकांना करणारा दिसेना, म्हणून मागून ते ई-आर जोडलं.

मास्तर_निवृत्त

झिजण्याचं म्हणाल तर आपल्याकडे आख्खा गाव झिजलाय. कुंभकारचा कुंभार, लोहकारचा लोहार, सुवर्णकारचा सोनार, चर्मकारचा चांभार. आज कुंभार शब्दात दोन भाग आहेत हे तिसरीतल्या मुलाला सांगून खरं वाटणार नाही. तेव्हा कबर्डला हसू नका.

अनुस्वार

जोराने समासाचा अर्थ बदलतो हे वाचून राहवेना. हे इंग्रजीने काढलेलं नाही, आपल्याकडे त्यावर एक राक्षस मेलाय. त्वष्टा म्हणजे देवांचा कारागीर, त्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता, त्याने यज्ञात इंद्रशत्रो वाढ असा मंत्र म्हटला. त्याला म्हणायचं होतं इंद्राचा मारेकरी, तत्पुरुष, तिथे उदात्त स्वर, म्हणजे उंच आवाज, समासाच्या शेवटी हवा. उच्चारताना तो गेला पहिल्या पदावर, आणि मग तो बहुव्रीहि झाला, इंद्र आहे मारेकरी ज्याचा असा. तो मुलगा, वृत्र, जन्मला आणि इंद्रानेच त्याला मारला. पतंजलीने महाभाष्याच्या अगदी सुरुवातीला, व्याकरण कशाला शिकायचं हे सांगताना हा दाखला दिलाय. पाणिनीने तर आपल्या व्याकरणाच्या, अष्टाध्यायीच्या, सहाव्या अध्यायाचा पूर्ण दुसरा पाद (पाव भाग) समासाच्या स्वरांवरच खर्च केलाय.

फरक एवढाच की तो स्वर म्हणजे आवाजाची उंची, इंग्रजीतला धक्का देऊन म्हटलेला जोर नव्हे. आणि मराठीत येईपर्यंत ते सगळं गेलं, म्हणून आपल्याला आज इंग्रजीचा स्ट्रेस नव्याने शिकावा लागतो. उलट तिकडचे भाषावाले समासांना आपलीच नावं वापरतात, रेडहेड, पेपरबॅक असल्या शब्दांना इंग्रजी पुस्तकात सरळ बहुव्रीहि म्हटलेलं असतं.

चिंगीची_आई

राक्षसाची गोष्ट तिला सांगितली, आता ती मुद्दाम ग्रास'हॉपर म्हणते न विचारते कोण मेलं. तिन्ही रकाने भरले, सगळ्यांचे मनापासून आभार. ग्राशॉपर पण गेलं एकदाचं, रेघेने काम केलं.

शेवटचे दोन राहिलेत, बटरफ्लाय आणि कॅटरपिलर. बटरफ्लायचं तिने स्वतः लिहिलंय, तीन सिलॅबल, जोर पहिल्यावर, भाग दोन, बटर न फ्लाय. बरोबर आहे ना? मी तिला म्हटलं बटर मध्ये पण ई-आर आहे, मग भाग तीन. ती म्हणते नाही.

तिरपी_रेघ

ती बरोबर. ई-आर काढून बघायचं, मागे क्रियापद उरलं आणि अर्थ जुळला तरच तो करणारा. हॉपरमधून काढलं की हॉप उरतो, उडी मारतो. बटरमधून काढलं तर काय उरतं, बट, त्याचा लोण्याशी काय संबंध. हॅमर, फिंगर, वॉटर सगळे तसेच, शेपटी दिसते पण ती जोडलेली नाही.

कॅटरपिलर: चार सिलॅबल, कॅ-ट-पि-लर, अमेरिकन ऐकलंत तर दुसरा टर ऐकू येईल. जोर पहिल्यावर. भाग एक. त्यात कॅट दिसेल, पिलर दिसेल, खांबावर चढलेलं मांजर काढायचा मोह होईल, तिला काढू दे पण रकान्यात एकच लिहा.